बाळंतपणातली चीर: का पडते, कशी टाळावी

पहिल्यांदाच योनीमार्गे बाळंत होणाऱ्या दर दहा स्त्रियांपैकी जवळपास नऊजणींना तिथे काही ना काही इजा होते. कुणाला नुसतं खरचटतं, कुणाला चीर पडते, कुणाला छेद द्यावा लागतो. आकडा मोठा वाटला तरी यातल्या बहुतेक जखमा उथळ असतात आणि काही आठवड्यांत भरून येतात. खरी काळजी करायची ती गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत पोचणाऱ्या चिरेची. ब्रिटनच्या आकडेवारीत अशी चीर पहिलटकरणींमध्ये सुमारे ६ टक्के आणि आधी योनीमार्गे बाळंत झालेल्यांमध्ये २ टक्क्यांहून कमी आढळते. तेव्हा "एकही टाका पडू नये" हा हट्ट सोडावा. खोल चीर पडू नये, आणि पडलीच तर ती कुणाच्या नजरेतून सुटू नये, एवढ्यावर लक्ष द्यावं.

हे सगळं बऱ्याच अंशी शेवटच्या काही मिनिटांत ठरतं. बाळाचं डोकं बाहेर येताना किती वेगाने येतं, यावर फार काही अवलंबून असतं. खाली सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक उपायामागे हाच हेतू आहे: डोकं हळू यावं आणि त्वचेला ताणायला वेळ मिळावा.

नेमकं काय फाटतं

योनीचं तोंड आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला पेरिनियम म्हणतात. बाहेरून तो साधारण ३ ते ४ सेंटिमीटरचा त्वचेचा पट्टा दिसतो. पण त्याच्या आत स्नायूंची एक गाठ असते. योनीभोवतीचे स्नायू, आडवे स्नायू आणि गुदद्वाराचा गोल स्नायू इथे एकमेकांत गुंतलेले असतात. ही गाठ ढिली पडली की पुढे शौच-वारा धरून ठेवण्यावर आणि गर्भाशय जागच्या जागी राहण्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून चिरेची लांबी किती यापेक्षा ती किती खोल गेली हे महत्त्वाचं. खोलीवरून तिचे चार दर्जे धरतात:

- पहिला: फक्त त्वचा किंवा योनीचं आतलं अस्तर.
- दुसरा: त्याखालचे पेरिनियमचे स्नायूही. गुदद्वाराचा स्नायू मात्र शाबूत. कात्रीने दिलेला छेद साधारण याच खोलीचा असतो.
- तिसरा: गुदद्वाराचा गोल स्नायू फाटलेला. बाहेरच्या स्नायूची निम्म्याहून कमी जाडी फाटली तर ३-अ, निम्म्याहून जास्त फाटली तर ३-ब, आणि आतला स्नायूही फाटला तर ३-क.
- चौथा: स्नायूंच्या पलीकडे गुदाशयाचं आतलं अस्तरही फाटलेलं.

याखेरीज एक फसवी चीर असते. गुदद्वाराचा स्नायू शाबूत राहतो, पण त्याच्या वर योनी आणि गुदाशय यांच्यामधल्या पडद्याला काजासारखं भोक पडतं. बाहेरून काहीच दिसत नाही. ती का सुटते आणि सुटल्यावर काय होतं, ते तपासणीच्या भागात येईल.

चीर का पडते

बाळाचं डोकं छातीकडे नीट वाकलेलं असेल तर त्याचा साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा व्यास बाहेर पडतो. डोकं ताठ असेल, किंवा बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे वळलेलं असेल, तर हाच व्यास साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत जातो. दोन सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण आधीच तिपटीच्या आसपास ताणल्या गेलेल्या स्नायूंना तो झेपेलच असं नाही. अशा उलट्या स्थितीत खोल चिरेचा धोका दुपटीहून वाढतो.

पहिलं बाळंतपण हा सगळ्यात मोठा घटक. त्यानंतर येतं ते चार किलोंहून जास्त वजनाचं बाळ, डोकं आल्यावर खांदे अडकणं, जोर देण्याची अवस्था दोन-तीन तासांहून लांबणं, मुळातच आखूड पेरिनियम आणि आधीच्या बाळंतपणातली खोल चीर. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई वंशाचाही यात समावेश आहे. उलट टोकाला, फार झपाट्याने होणारं बाळंतपणही धोक्याचंच, कारण तिथे ताणायला वेळच मिळत नाही. बाळाचा हात गालापाशी असेल तर डोक्यासोबत कोपरही येतो आणि चीर वाढते.

चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम (डोक्याला चिकटणारी शोषणवाटी) लावून बाळ काढावं लागलं तर धोका बराच वाढतो. दोन्हींत चिमट्याचा जास्त, कारण त्याची पाती डोक्याच्या दोन्ही बाजूंनी जागा व्यापतात. एपिड्युरलने, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात त्या भुलीने, थेट चीर पडत नाही. मात्र त्यामुळे जोर देण्याची जाणीव मंदावते आणि उपकरण लागण्याची शक्यता वाढते.

माणसाच्या हातून घडणारी कारणंही आहेत, आणि टाळता येण्यासारखी हीच. पाठीवर झोपवून पाय रिकिबीत उंच बांधणं. "श्वास रोखा, जोर लावा, अजून, अजून" असा धोशा लावणं. पोटाच्या वरच्या भागावर दाब देऊन बाळ खाली ढकलणं. योनीच्या तोंडापासून सरळ गुदद्वाराच्या दिशेने मधोमध कात्री मारणं. पोटावर दाब देण्याविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या प्रसूतिविषयक शिफारशींत स्पष्ट मत दिलं आहे. बाळ लवकर यावं म्हणून कुणी तसं करू लागलं तर "का करताय?" असं विचारण्याचा अधिकार आईला आणि सोबतच्या माणसाला आहे.

चीर पडली म्हणजे बाईने नीट जोर दिला नाही, किंवा ती आधी पुरेशी हिंडली-फिरली नाही, असं बोललं जातं. वरची यादी पाहिली की त्यात किती तथ्य आहे ते कळतं.

गरोदरपणात करण्यासारखं

इथे सगळ्यात चांगला पुरावा पेरिनियमच्या मालिशीला आहे. पहिलटकरणींनी ३४-३५ व्या आठवड्यापासून ही मालिश केली तर टाके लागणाऱ्या इजेचं आणि कात्री लागण्याचं प्रमाण थोडं कमी होतं. "थोडं" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. साधारण पंधराजणींनी मालिश केली तर एकीचे टाके वाचतात. तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या चिरा यामुळे कमी होतात असं मात्र दिसलेलं नाही. आधी योनीमार्गे बाळंत झालेल्यांना वेगळा फायदा मिळतो: तीन महिन्यांनंतरही रेंगाळणारं दुखणं त्यांच्यात कमी आढळतं.

आठवड्यातून एक-दोनदा, दर वेळी पाच ते दहा मिनिटं पुरेत. रोज केल्याने फायदा वाढत नाही, उलट त्वचा हुळहुळी होते.

१. लघवी करून या. नखं कापा, हात साबणाने धुवा. आधी कोमट पाण्याने अंघोळ केली असेल तर स्नायू सैल असतात.

२. पाठीला उशा लावून अर्धवट बसा, गुडघे वाकवून बाजूला सोडा. पहिल्या खेपेला समोर छोटा आरसा धरला तर आपण नेमकं कुठे हात लावतोय ते समजतं.

३. अंगठ्यांना वास नसलेलं साधं वनस्पती तेल किंवा पाण्यात विरघळणारी वंगण जेली लावा. सुगंधी तेल, साबण, पेट्रोलियम जेली नको. लॅटेक्सचे हातमोजे घालणार असाल तर तेलही नको, कारण तेलाने लॅटेक्स विरतं.

४. एक किंवा दोन्ही अंगठे योनीत ३ ते ४ सेंटिमीटर आत घाला आणि खाली, गुदद्वाराच्या दिशेने दाबा. हलकी जळजळ किंवा चुणचुण होईपर्यंत दाब वाढवा आणि तिथेच एक-दोन मिनिटं धरा. दुखायला लागलं तर दाब कमी करा.

५. आता इंग्रजी 'यू' अक्षरासारखं फिरवा. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणली तर ३ पासून ६ वरून ९ पर्यंत आणि परत. १२ च्या बाजूला लघवीची वाट आहे, तिकडे दाबायचं नाही.

६. दाब असताना जबडा, खांदे, मांड्या सैल सोडून लांब श्वास सोडत राहा.

पोट मोठं झाल्यावर स्वतःचा हात पोचत नाही. तेव्हा जोडीदार मदत करू शकतो. त्याने अंगठ्याऐवजी तर्जनी वापरावी, आधी एकच बोट. किती दाबायचं हे फक्त तीच सांगेल.

या मालिशीत तीन चुका नेहमी होतात. पहिली, बाहेरून त्वचेवर नुसतं तेल चोळत बसणं. त्याने त्वचा मऊ होते, ताणली जात नाही. दुसरी, जळजळ जाणवताच घाबरून सोडून देणं. डोकं बाहेर येताना होते ती जळजळ याच जातीची, फक्त कितीतरी जास्त. ती ओळखीची व्हावी आणि ती होत असताना अंग सैल सोडता यावं, हा मालिशीचा मोठा लाभ आहे. तिसरी, जोर लावून "रुंद करण्याचा" प्रयत्न. तसं काही रुंद होत नाही, फक्त सूज येते.

पाणी गेलं असेल, रक्तस्राव होत असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल, योनीत जंतुसंसर्ग किंवा हर्पिसचे फोड असतील, तर मालिश करायची नाही. शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

श्रोणितळाच्या स्नायूंचे व्यायाम, म्हणजे लघवी-वारा अडवल्यासारखे स्नायू आवळून सोडणं, गरोदरपणातही करावेत. त्यामुळे बाळंतपणानंतर लघवी सुटण्याची तक्रार कमी होते. फक्त यात "सोडणं" हा अर्धा भाग आहे हे विसरू नये. बाळ बाहेर येताना तोच उपयोगी पडतो. योनीत फुगा फुगवून ताण देणारी उपकरणंही विकली जातात. त्यांनी चिरा कमी होतात असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. पैसे वाचवा.

गरोदरपणातला मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हाही चीर टाळण्याचाच उपाय, कारण त्याने बाळाचं वजन अवाजवी वाढत नाही. सोनोग्राफीतलं वजन मात्र प्रमाण मानू नका. त्यात दोन्ही बाजूंना १० ते १५ टक्क्यांची चूक सहज होते.

डॉक्टरांना आधीच विचारायचं

३६ व्या आठवड्याच्या आसपास, शांतपणे, हे प्रश्न विचारा. जोर देताना कुशीवर किंवा गुडघ्या-हातांवर राहता येईल का? गरम फडक्याचा शेक देता का? डोकं येताना हाताचा आधार देता का? छेद कुठल्या कारणांसाठी देता आणि कुठल्या कोनात? बाळ झाल्यावर गुदद्वारातून बोट घालून तपासणी करता का? "पहिलटकरीण आहे म्हणून छेद देतोच" असं उत्तर आलं तर आणखी बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनेही सरसकट छेद देऊ नये असंच सांगितलं आहे.

कळांच्या शेवटच्या टप्प्यात

गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं म्हणजे लगेच जोर द्यायला हवा असं नाही. आतून जोर देण्याची ओढ येईपर्यंत थांबता येतं. एपिड्युरल घेतलेलं असेल, बाळाचे ठोके व्यवस्थित असतील आणि देखरेख होत असेल, तर एक-दोन तास थांबून डोकं आपोआप खाली येऊ द्यावं, अशीही पद्धत आहे. ओढ आली की आपल्या अंगाच्या चालीने, आवाज करत, श्वास सोडत, छोटे छोटे जोर द्यावेत. श्वास कोंडून दहापर्यंत मोजत दिलेल्या जोराने डोकं धक्क्याने पुढे येतं.

स्थितीबद्दल एकच नियम सगळ्यांना लागू पडत नाही. कुशीवर झोपून वरचा पाय कुणीतरी हलका धरलेला, किंवा गुडघ्या-हातांवर ओणवं, या दोन स्थितींत डोकं सावकाश येतं आणि पेरिनियमवरचा ताण वाटला जातो. एपिड्युरल असेल तर कुशीवर झोपणं सोयीचं. उकिडवं बसणं किंवा प्रसूतीच्या खुर्चीवर बसणं बाळ खाली आणायला छान, पण डोकं बाहेर पडण्याच्या क्षणी तिथे वेग वाढतो, सूजही येते, आणि दुसऱ्या दर्जाच्या चिरा जास्त दिसतात. म्हणून उकिडवं बसून बाळ खाली आलं की शेवटी कुशीवर व्हावं. पाय रिकिबीत उंच बांधून उताणं झोपणं फक्त उपकरण लावायचं असेल तेव्हापुरतं ठेवावं.

*गरम फडक्याचा शेक.* स्वस्त, सोपा, आणि तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या चिरा जवळपास निम्म्यावर आणणारा. एवढा परिणाम असलेले उपाय या विषयात फार थोडे आहेत, आणि तरीही हा बऱ्याच ठिकाणी केला जात नाही. स्वच्छ फडकं किंवा जाड पॅड गरम पाण्यात बुडवून पिळा. अंगाला लागताना त्याचं तापमान ३८ ते ४४ अंश सेल्सिअस असावं. देणाऱ्याने ते आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. डोकं पेरिनियमवर येऊन ते फुगायला लागलं की शेक सुरू करावा. कळ असतानाही आणि दोन कळांच्या मधेही फडकं हलकेच धरून ठेवावं, गार झालं की बदलावं. शौच झाल्यास नवं फडकं घ्यावं. एपिड्युरल दिलेल्या बाईला चटका कळत नाही, म्हणून तिथे तापमान मोजल्याशिवाय शेक नको. आणि जिला तो नको वाटेल तिच्यावर लादू नये.

जोर देण्याच्या काळात वंगण लावून दोन बोटांनी केलेली हलकी मालिशही काही अभ्यासांत उपयोगी ठरली आहे. हलकी म्हणजे हलकीच. बोटांनी योनीचं तोंड जोराने ओढून ताणणं म्हणजे मालिश नव्हे, त्याने ऊती सुजतात आणि लवकर फाटतात.

डोकं दिसल्यापासून बाहेर येईपर्यंत

कळ ओसरली तरी डोकं मागे सरकत नाही, तिथून खरी कसोटी सुरू होते. त्या वेळी आगीच्या कड्यासारखी जळजळ होते. शरीराचा कल "एकदाचं संपवू" असा असतो, आणि बहुतेक खोल चिरा या क्षणीच पडतात. इथे बाईने जोर थांबवून तोंडाने लहान लहान श्वास घ्यायचे, मेणबत्ती फुंकतो तसे. डोकं कळेच्या ऐन जोरात न येता कळेच्या शेवटी किंवा दोन कळांच्या मधे, तिच्या हलक्या श्वासासोबत सरकावं. खोलीत एकाच माणसाने बोलावं. एकीकडून "थांब" आणि दुसरीकडून "लाव जोर" आलं की ती गोंधळते.

बाळंतपण करणाऱ्याचे हात दोन कामांत असतात. एक हात बाळाच्या डोक्यावर, बोटं पसरून. तो डोकं ओढत नाही, दाबून मागेही ढकलत नाही, फक्त लगामासारखा वेग धरतो. आणि बाळाच्या डोक्याचा मागचा भाग आईच्या जघनास्थीखालून (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाखालून) सुटेपर्यंत डोकं वाकलेलं ठेवतो, म्हणजे तो साडेनऊ सेंटिमीटरचा व्यासच बाहेर पडतो. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी योनीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना ठेवून तिथली त्वचा मध्याकडे किंचित गोळा करायची, आणि बाकीची दुमडलेली बोटं मधल्या भागाला खालून आधार देतात. फुग्याचा जिथे सगळ्यात जास्त ताण, तिथे थोडी ढील मिळवून द्यायची, असा हा प्रकार.

यात काय बिघडतं? पेरिनियम पूर्ण कापडाने झाकलं की त्वचा पांढरी पडतेय, चकाकतेय, चिरतेय हे दिसतच नाही. हात फार वर दाबला की डोकं पुढच्या बाजूला रेटलं जातं आणि लघवीच्या वाटेजवळ चिरा पडतात. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे डोकं आलं की सुटकेचा निःश्वास टाकून हात काढून घेणं. मागचा खांदा अजून यायचा असतो, आणि तोही फाडतो. डोकं आल्यावर पुढच्या कळेची वाट पाहावी, वरचा खांदा सुटला की बाळाला हलकेच वर नेत मागचा खांदा पेरिनियमवरून घसरू द्यावा, आणि तोपर्यंत आधाराचा हात तिथेच ठेवावा.

हाताचा आधार द्यावा की हात लांब ठेवावेत, यावर जुना वाद आहे. यादृच्छिक चाचण्यांत (कुणाला कुठली पद्धत हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेल्या अभ्यासांत) दोन्हींत खोल चिरांचा स्पष्ट फरक दिसला नाही. पण नॉर्वेमध्ये हे तंत्र प्रसूतिगृहांत पद्धतशीर शिकवल्यावर खोल चिरांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून निम्म्यापर्यंत उतरलं. आमचा कल आधार देण्याकडे आहे, पण तो नीट शिकलेल्या हातांनी दिलेला. नुसता "हात लावला" याला अर्थ नाही.

दवाखान्यात पोचण्याआधीच डोकं दिसायला लागलं तर बाईला कुशीवर झोपवा, जोर न देता फुंकर मारायला सांगा, स्वच्छ तळहात डोक्यावर हलका टेकवा. ओढू नका, मागे दाबू नका, आणि रुग्णवाहिकेला फोन चालू ठेवा.

कात्री कधी आणि कशी

बाळाचे ठोके घसरले आणि लगेच बाहेर काढायला हवं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा आहे, किंवा पेरिनियम आखूड नि ताठ आहे आणि मोठी चीर पडणार हे डोळ्यांपुढे दिसतंय, अशा वेळी छेद योग्य. विशेषतः पहिलटकरणीला चिमटा लावताना योग्य कोनातला छेद गुदद्वाराचा स्नायू वाचवतो.

कोन महत्त्वाचा. डोकं बाहेर डोकावत असताना मध्यरेषेपासून ६० अंशांवर, एका बाजूला तिरपा छेद द्यावा. तेव्हा त्वचा ताणलेली असल्यामुळे, टाके घालून झाल्यावर तोच कोन ४५ च्या आसपास भरतो. नजरेच्या अंदाजाने ४० अंशांवर मारलेली कात्री शेवटी २० च्या जवळ येते, म्हणजे जवळजवळ गुदद्वाराच्याच दिशेने. अनुभवी हातांचाही अंदाज इथे चुकतो, म्हणून ६० अंशांची खूण असलेली कात्री मिळते. छेदाआधी भूल द्यायची (साधारण १ टक्का लिडोकेनचे १० मिलिलिटर) आणि ती चढू द्यायची. डोकं वर असताना, पेरिनियम फुगण्याआधी छेद दिला तर रक्त जास्त जातं आणि उपयोग कमी. छेदाआधी बाईला सांगणं आणि तिची संमती घेणं बंधनकारक समजा. चिमटा लावला असला तरी डोकं येताना ओढण्याचा वेग मंदच हवा, आणि हाताचा आधार तेव्हाही द्यायचा.

बाळ झाल्यावर लगेच

बाहेरून काहीच फाटलेलं दिसत नसलं तरी योनीतून आणि गुदद्वारातून बोटाने तपासणी करावी. चांगला उजेड हवा, वेदनाशमन हवं, बाईची परवानगी हवी. तर्जनी गुदद्वारात आणि अंगठा पेरिनियमवर ठेवून स्नायू गोळीसारखा चाचपून पाहतात. कुठे खाच लागली, पोकळ वाटलं, की चीर खोल आहे. भूल नसेल तर बाईला गुदद्वार आवळायलाही सांगतात. सुरुवातीला सांगितलेलं काजाएवढं भोकही याच तपासणीत सापडतं. सुटलं तर पुढे योनीतून वारा किंवा शौच येऊ लागतं. एका मिनिटाची ही तपासणी राहिली म्हणून पुढे वर्षानुवर्षं शौच सुटण्याचा त्रास सोसणाऱ्या बायका आहेत.

ब्रिटनमध्ये आधीच माहिती देणं, हाताचा आधार, ६० अंशांचा छेद आणि ही तपासणी अशा चार गोष्टी एकत्र राबवल्यावर खोल चिरांचं प्रमाण ३.३ वरून ३.० टक्क्यांवर आलं. घट छोटी असली तरी तपासणी काटेकोर झाल्यावर अधिक चिरा सापडतात, तरीही आकडा उतरला.

उथळ, रक्त न येणारी, कडा जुळलेली चीर टाक्यांविना भरते. दुसऱ्या दर्जाला विरघळणाऱ्या धाग्याने सलग, न आवळलेले टाके घालणं बरं. त्यात दुखणं कमी राहतं. तिसऱ्या-चौथ्या दर्जाची चीर शस्त्रक्रियागृहात, कमरेखाली भूल देऊन, प्रशिक्षित डॉक्टरांनीच शिवायला हवी. त्यानंतर प्रतिजैविकं आणि मल मऊ करणारं औषध देतात.

टाक्यांची काळजी

पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते २० मिनिटं लावावा. कापडाशिवाय लावला तर त्वचा भाजल्यासारखी होते. लघवी करताना कोमट पाणी ओतत राहिलं की जळजळ कमी होते. पुढून मागे धुवावं, टिपून कोरडं करावं, पॅड दर चार तासांनी बदलावं. शौचाला कुंथू नये. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्यावं, आणि टाक्यांवर स्वच्छ पॅड हलकं दाबून धरावं. शौच केल्याने टाके सुटत नाहीत, ती भीती मनातून काढावी. धागे काही आठवड्यांत आपोआप विरघळतात. दुखणं सहन होईल तसे श्रोणितळाचे व्यायाम सुरू करावेत.

३८ अंशांवर ताप, दुर्गंधी, पू, कमी होण्याऐवजी वाढत जाणारं दुखणं, उघडलेले टाके, वारा किंवा शौच न धरता येणं, किंवा योनीतून ते येणं: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. वारा सुटतो हे सांगायला लाज वाटते म्हणून महिनोन्महिने गप्प बसणाऱ्या पुष्कळजणी असतात. डॉक्टरांना हे ऐकायची सवय असते, आणि लवकर सांगितलं तर उपचार सोपे जातात.

पुढच्या खेपेला

गुदद्वाराचा स्नायू नीट शिवला गेला तर वर्षभरानंतर ६० ते ८० टक्के स्त्रियांना काहीही त्रास राहत नाही. पुढच्या योनीमार्गे बाळंतपणात तशीच चीर पुन्हा पडण्याची शक्यता ५ ते ७ टक्के. त्यामुळे एकदा खोल चीर पडली म्हणजे पुढे सिझेरियनच, असं नाही. शौच-वाऱ्याचा त्रास अजून असेल किंवा गुदद्वाराच्या सोनोग्राफीत स्नायूत फट दिसत असेल, तर मात्र सिझेरियनचा पर्याय समोर ठेवतात. नुसतं टाके टाळायचे म्हणून सिझेरियन मागणं मात्र हिशोबात बसत नाही. पोटावरच्या शस्त्रक्रियेचे आणि पुढच्या गरोदरपणातल्या वारेचे धोके त्याहून मोठे.

डिस्चार्ज कार्डावर "पेरिनियल टेअर, शिवला" एवढंच लिहून देत असतील तर थांबवून दर्जा लिहून घ्या: दुसरा, ३-अ, ३-ब, काय असेल ते. छेद दिला असेल तर कुठल्या बाजूला, तेही. सहा ते बारा आठवड्यांनी तपासणीला जाताना आणि पुढच्या गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत तो कागद सोबत न्या.